पाण्यातल्या फ्लोराइडबद्दल शंका असणाऱ्यांशी कसं बोलावं

सार्वजनिक पाणीपुरवठ्यात फ्लोराइड मिसळावं की नाही, यावरची चर्चा बहुतेक वेळा एकाच कारणाने बिघडते. तीन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. फ्लोराइडमुळे दातांची कीड खरंच कमी होते का, हा पहिला. आज ज्या प्रमाणात मिसळतात त्या प्रमाणात ते सुरक्षित आहे का, हा दुसरा. आणि सगळ्यांच्या नळाला काय यावं हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मोजमापातून आणि अभ्यासातून शोधता येतात. तिसऱ्याचं तसं नाही, तो न्याय-अन्यायाचा आणि संमतीचा प्रश्न आहे. समोरचा माणूस तिसरा प्रश्न विचारत असताना आपण पहिल्याची आकडेवारी ऐकवत बसलो, तर आपण त्याचं ऐकलंच नाही असं त्याला वाटतं, आणि ते वाटणं बरोबर असतं.

योग्य प्रमाणात, नीट देखरेखीखाली मिसळलेलं फ्लोराइड दातांसाठी उपयोगी आहे, असं आमचं मत आहे. पण आज विचारले जाणारे काही प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरं अजून पूर्ण हाती आलेली नाहीत, हेही आम्ही मानतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बोलता आल्या, तरच संवाद होतो.

बोलण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी आपल्या पाण्यातला आकडा माहीत करून घ्या. पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेचा गुणवत्ता अहवाल बहुतेक ठिकाणी दरवर्षी निघतो. त्यात फ्लोराइडचं प्रमाण मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये दिलेलं असतं. (पाण्याच्या बाबतीत १ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे १ पीपीएम, दोन्ही एकच.) त्या अहवालातून तीन गोष्टी टिपून ठेवा: वर्षाची सरासरी, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त नोंद, आणि फ्लोराइड बाहेरून मिसळलेलं आहे की जमिनीतूनच आलेलं आहे. अहवालात ही माहिती नसेल तर फोन करून किंवा पत्र पाठवून विचारा. "मला नक्की माहीत नाही, पण धोका नसणार" या वाक्यासारखं विश्वास घालवणारं दुसरं वाक्य नाही.

मग हे चार आकडे डोक्यात पक्के बसवा. अमेरिकेत २०१५ पासून शिफारस केलेलं प्रमाण ०.७ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. त्याआधी १९६२ पासून हवामानानुसार ०.७ ते १.२ असं होतं, कारण उष्ण भागात माणसं जास्त पाणी पितात. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा १.५ आहे. आणि अमेरिकेत कायद्याने बंधनकारक असलेली कमाल मर्यादा ४.० आहे. चर्चेत कुणीही "फ्लोराइडने असं होतं" म्हणालं, की पहिला प्रश्न हाच: किती प्रमाणात? ०.७ आणि ४ यांत जवळपास सहापट अंतर आहे. बहुतेक गैरसमज, दोन्ही बाजूंचे, या अंतरातच जन्म घेतात.

तिसरी तयारी स्वतःच्या मनाची. या बोलण्यातून आपल्याला काय हवंय? समोरच्याने एका बैठकीत मत बदलावं ही अपेक्षा असेल तर बोलू नका, कारण ती अपेक्षा आवाजात उतरते. त्याची नेमकी काळजी समजावी आणि आपली एखादी गोष्ट त्याने विचारात घ्यावी, एवढं ध्येय पुरेसं आहे.

जागाही महत्त्वाची. चारचौघांत, घरच्या समारंभात किंवा पन्नास जणांच्या गटात एखाद्याचं म्हणणं खोडून काढलं, की तो मुद्द्यासाठी नाही तर मान राखण्यासाठी लढायला लागतो. असा विषय निघाला तर "यावर मला तुमच्याशी सावकाश बोलायला आवडेल" एवढंच म्हणा आणि नंतर एकटं गाठा.

आधी विचारा, मग ऐका

सुरुवात उघड्या प्रश्नाने करा. "फ्लोराइडमधलं तुम्हाला नेमकं काय खटकतं?" किंवा "याबद्दल पहिल्यांदा कधी शंका आली?" हे विचारल्यावर खरोखर गप्प राहा. माणसं पहिल्या वाक्यात ऐकलेली गोष्ट सांगतात, स्वतःची काळजी सांगतात ती तिसऱ्या-चौथ्या वाक्यात. मध्ये तोंड घातलं तर ती काळजी बाहेर येतच नाही.

ऐकताना शंका कुठल्या जातीची आहे ते ओळखा, कारण उत्तर त्यावर ठरतं. लहान बाळाची आई सुरक्षिततेबद्दल विचारत असते. एखाद्या सरकारी खात्याने किंवा कंपनीने पूर्वी फसवलेला माणूस विश्वासाबद्दल बोलत असतो. कुणाला "माझ्या घरात येणाऱ्या पाण्यात माझ्या परवानगीशिवाय काही घालू नका" एवढंच म्हणायचं असतं. आणि काहींनी फ्लोराइडचं नुकसान डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

या शेवटच्या माणसांबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण त्यांच्यावर सर्वाधिक अन्याय होतो. भारत, चीन आणि पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या पाण्यात नैसर्गिकरीत्याच फ्लोराइड १.५ च्या कितीतरी वर असतं. वर्षानुवर्षं ते पाणी प्यायल्याने दातांवर तपकिरी डाग आणि खड्डे पडतात, हाडं आणि सांधे ताठ होतात, पाठीचा कणा वाकतो. असं गाव पाहिलेल्या माणसाला "फ्लोराइड चांगलं असतं" म्हणणं म्हणजे त्याने पाहिलेलं खोटं ठरवणं आहे. त्याला असं म्हणा: "तुम्ही पाहिलंय ते खरं आहे, आणि तिथे पाण्यातून फ्लोराइड काढणं हाच उपाय आहे. इथल्या पाण्यात मात्र त्याच्या कितीतरी कमी प्रमाण आहे. हा बघा आकडा." म्हणजे तयारी करताना टिपलेला आकडा इथे उपयोगी पडतो.

ऐकून झालं की त्यांचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगा. "म्हणजे दातांचा फायदा तुम्हाला मान्य आहे, पण बाळाच्या मेंदूवर परिणाम होईल का ही भीती आहे, बरोबर?" ते "हो, अगदी हेच" म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. "नाही, तसं नाही" म्हणाले तर पुन्हा विचारा. यात दोन-तीन मिनिटं जातात, आणि पुढचा अर्धा तास वाचतो.

एका वेळी एकच गोष्ट सांगा

माहिती देण्याआधी परवानगी घ्या: "याबद्दल मी एक गोष्ट वाचली आहे, सांगू का?" मग एकच गोष्ट सांगा, दोन-तीन वाक्यांत. आणि लगेच विचारा: "हे ऐकून तुम्हाला काय वाटतं?" समुपदेशनात वापरली जाणारी ही पद्धत साधी आहे, पण पाळायला कठीण, कारण ज्याला विषय येतो त्याला सगळं एकदम सांगायचा मोह होतो. सात पुरावे ओळीने मांडले की समोरचा त्यातला सर्वांत कच्चा उचलतो आणि चर्चा त्यावरच अडकते.

कुणी अगदी ठाम विरोधात असेल तर हा प्रश्न विचारून पाहा: "शून्य ते दहात, इथलं पाणी तुम्हाला किती सुरक्षित वाटतं?" समजा ते "तीन" म्हणाले. मग "इतकं कमी का?" असं विचारू नका. "तीन का म्हणालात, शून्य का नाही?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाने ते विरोधाची कारणं पुन्हा मोजतील. दुसऱ्या प्रश्नाने स्वतःच्या तोंडून दुसरी बाजू मांडतील, आणि आपण दिलेल्या कारणापेक्षा त्यांना स्वतःला सुचलेलं कारण जास्त टिकतं.

"उपयोगच काय?" या प्रश्नावर

इथे सर्वांत मोठी चूक जुने आकडे सांगण्याची होते. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात २५ जानेवारी १९४५ रोजी पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. त्यानंतर तिथे जन्मलेल्या मुलांमधली कीड सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं. हा आकडा खरा आहे, पण त्या काळात फ्लोराइड असलेली टूथपेस्ट बाजारात नव्हती. ती १९५० च्या दशकाच्या मध्यात आली आणि हळूहळू सगळीकडे पसरली. आज मूल दिवसातून दोनदा फ्लोराइड लावतच असतं, त्यामुळे पाण्यातल्या फ्लोराइडचा वाढीव फायदा कमी झाला आहे. २०२४ मध्ये कॉक्रेन संस्थेने जगभरच्या अभ्यासांचा नव्याने आढावा घेतला. १९७५ नंतरच्या अभ्यासांत फायदा सरासरी प्रत्येक मुलामागे दुधाच्या दातांपैकी साधारण पाव दात इतका निघाला, आणि त्याबद्दलची खात्रीही मर्यादित होती. ज्याला हे माहीत आहे त्याच्यासमोर "६० टक्के" म्हणाल तर तुमचं पुढचं एकही वाक्य तो ऐकणार नाही.

मग खरं काय सांगावं? इंग्लंडमधल्या कंब्रिया भागात झालेल्या अभ्यासात फ्लोराइडयुक्त पाणी मिळत वाढलेल्या मुलांपैकी १७.४ टक्क्यांना कीड होती, तर असं पाणी न मिळणाऱ्यांपैकी २१.४ टक्क्यांना. कॅनडात कॅल्गरीने २०११ मध्ये फ्लोराइड बंद केलं. सात वर्षांनी तिथल्या दुसरीतल्या मुलांपैकी ६४.८ टक्क्यांच्या दुधाच्या दातांना कीड होती. शेजारच्या एडमंटनमध्ये, जिथे फ्लोराइड चालूच होतं, हे प्रमाण ५५.१ टक्के होतं. कॅल्गरीत ते २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. म्हणजे फायदा आहे, पण आता तो माफक आहे. आणि तो सर्वाधिक पोचतो तो ज्यांच्या घरी दंतवैद्याकडे जाणं परवडत नाही किंवा जमत नाही त्यांच्यापर्यंत, कारण नळ उघडण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. आमच्या मते फ्लोराइडच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

उलटं उदाहरणही स्वतःहून सांगा. फिनलंडमधल्या कुओपियो शहराने १९९२ मध्ये फ्लोराइड बंद केलं, पण तिथे कीड वाढली नाही. कारण तिथल्या मुलांना नियमित दंतसेवा मिळत होती आणि टूथपेस्टमधून व इतर उपचारांतून फ्लोराइडही मिळत होतं. हे आपण आधीच सांगितलं, तर समोरच्याला ते शस्त्र म्हणून काढायची गरज उरत नाही. शिवाय ही खरी माहिती आहे. ती लपवून काही मिळत नाही.

फ्लोराइड कसं काम करतं हेही थोडक्यात माहीत असावं. जेवणानंतर तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दातावरच्या कठीण थरातली खनिजं विरघळू लागतात. लाळेत फ्लोराइड असलं की ती खनिजं परत बसायला मदत होते, आणि जो नवा थर बनतो तो साधारण ४.५ पीएचपर्यंत तग धरतो. म्हणजे फ्लोराइडचं मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावर होतं. "मग गिळायचं कशाला?" असं कुणी विचारलं तर तो प्रश्न हुशार आहे असं मोकळेपणाने म्हणा. उत्तर असं: पाणी पिताना आणि त्यात शिजवलेलं अन्न खाताना ते दिवसभर थोडं थोडं दातांना लागत राहतं. गिळणं हे त्याचं साधन आहे, हेतू नाही.

"टूथपेस्टवर विषाचा इशारा का असतो?"

या प्रश्नाला हिशेबाने उत्तर द्या, कागद-पेन घेऊन, समोरच्याला बरोबर घेऊन.

शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड एकाच वेळी पोटात गेलं तर तातडीने उपचार करावे लागतात, असा संकेत आहे. १० किलोच्या मुलासाठी हे झाले ५० मिलिग्रॅम. ०.७ च्या पाण्यातून ५० मिलिग्रॅम मिळवायचे तर एका बैठकीत ७१ लिटर पाणी प्यावं लागेल. पण १४५० पीपीएमच्या १०० ग्रॅम टूथपेस्टच्या एका ट्यूबमध्ये १४५ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. म्हणजे मुलाने अर्धी ट्यूब खाल्ली तर तो खरोखरच धोका आहे. इशारा त्यासाठी असतो, आणि ट्यूब मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवणं गरजेचंच आहे. हिशेब करून दाखवला की भीती चुकीची ठरत नाही, ती योग्य ठिकाणी जाऊन बसते.

डाग, बाळं आणि मेंदू

डागांबद्दल टाळाटाळ करू नका. दात घडत असण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर दातांवर पांढरट रेघा किंवा ठिपके येतात. कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात ०.७ पीपीएमला सुमारे ४० टक्के लोकांत फ्लोरोसिसच्या (म्हणजे अशा डागांच्या) कुठल्या ना कुठल्या खुणा, आणि सुमारे १२ टक्के लोकांत दिसण्यात खुपेल इतक्या खुणा, असा अंदाज आहे. बहुतेक खुणा इतक्या सौम्य असतात की दंतवैद्याच्याच लक्षात येतात. पण "काही होत नाही" असं म्हणू नका.

बाळाला पावडरचं दूध पाजणाऱ्या आईला सांगण्यासारखी ठोस गोष्ट आहे. बाळाचा जवळपास सगळा आहार त्या पाण्यातूनच होतो, म्हणून त्याच्या वजनाच्या मानाने फ्लोराइड जास्त जातं आणि सौम्य डागांची शक्यता वाढते. काळजी वाटत असेल तर कधीकधी किंवा नेहमीच कमी फ्लोराइडचं पाणी वापरता येतं. पाणी उकळून मात्र उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि फ्लोराइडचं प्रमाण थोडं वाढतं. कोळशाचा साधा फिल्टर असलेला जगही फ्लोराइड काढत नाही. आरओ, ऊर्ध्वपातन आणि ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा फिल्टर हे काढतात. ही माहिती देताना "पण तुम्हाला गरज नाही" हे शेपूट जोडू नका. समोरच्याच्या हातात निवड दिली की तो शांत होतो, आणि मग पुढचं बोलणं सोपं जातं.

मेंदूचा प्रश्न आज सर्वांत गंभीर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने निष्कर्ष काढला की १.५ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांच्यात संबंध आहे, आणि या निष्कर्षाबद्दल त्यांना मध्यम खात्री आहे. ०.७ ला परिणाम होतो की नाही हे ठरवण्याइतका पुरावा नाही, असंही त्याच अहवालात आहे. दोन्ही वाक्यं सांगा. विरोधक पहिलं सांगतात आणि समर्थक दुसरं, आणि दोघांवरचाही विश्वास त्यातूनच जातो.

कॅनडातल्या एका अभ्यासात, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, गरोदरपणात आईच्या लघवीतलं फ्लोराइड जास्त असेल तर मुलग्यांचा बुद्ध्यांक कमी आढळला. मुलींमध्ये तसं आढळलं नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथे जन्मापासून मोठेपणापर्यंत पाठपुरावा केलेल्या लोकांत, फ्लोराइडयुक्त भागात वाढलेल्या आणि न वाढलेल्यांच्या बुद्ध्यांकात फरक दिसला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एका संघीय न्यायालयाने ०.७ पातळीवरही मुलांच्या बुद्ध्यांकाला अवाजवी जोखीम आहे असं ठरवून तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कारवाई करावी असा आदेश दिला. मात्र फ्लोराइडयुक्त पाणी घातक आहे असं आपण खात्रीने म्हणत नाही, हे न्यायाधीशांनी निकालात स्पष्ट केलं. एवढं सगळं एका दमात सांगायचं नसतं. पण यातलं काही समोरच्याने काढलं तर उरलेली बाजू आपल्याला माहीत हवी. गरोदर बाईने "मग मी काय करू?" असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर असं: आजच्या प्रमाणाला धोका सिद्ध झालेला नाही, संशोधन चालू आहे, आणि तेवढ्या महिन्यांत फ्लोराइड काढलेलं पाणी प्यायचं असेल तर त्यात तोटा नाही, दात मात्र फ्लोराइडच्या टूथपेस्टने घासत राहा.

"खतांच्या कारखान्यातला कचरा आहे तो"

यातली अर्धी गोष्ट खरी आहे. पाण्यात मिसळायला तीन पदार्थ वापरतात: सोडियम फ्लोराइड, सोडियम फ्लोरोसिलिकेट आणि फ्लोरोसिलिसिक आम्ल. मोठ्या केंद्रांत बहुधा आम्ल वापरतात, साधारण २३ ते २५ टक्क्यांच्या द्रावणाच्या रूपात, आणि ते प्रामुख्याने फॉस्फेट खतं बनवताना उपपदार्थ म्हणून मिळतं. हे नाकारू नका. पुढचा भाग असा: पाण्यात मिसळल्यावर त्याचं जवळपास पूर्ण विघटन होऊन फ्लोराइड आणि सिलिका उरते. अमेरिकेत त्याला एनएसएफ ६० या मानकाची चाचणी पार करावी लागते. त्यानुसार या पदार्थातून पाण्यात येणारं आर्सेनिक किंवा शिसं कायदेशीर मर्यादेच्या एक दशांशाहून जास्त असता कामा नये. ज्याला शंका आहे त्याने पाणीपुरवठा खात्याकडे त्या पदार्थाच्या प्रत्येक टँकरबरोबर येणारं तपासणी प्रमाणपत्र मागावं. त्याच्याबरोबर तुम्हीही अर्जावर सही करा.

"यंत्र बिघडलं तर?" हा प्रश्नही रास्त आहे, कारण तसं घडलेलं आहे. अलास्कातल्या हूपर बे गावात १९९२ मध्ये यंत्रणेतल्या बिघाडामुळे पाण्यात फ्लोराइड १५० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत गेलं. सुमारे ३०० जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. म्हणून चांगल्या केंद्रात आम्ल मोठ्या टाकीतून थेट सोडत नाहीत. एका दिवसापुरती छोटी टाकी वजनकाट्यावर ठेवलेली असते, तिथून मात्रा मोजणारा पंप पाण्यात थेंब सोडतो. हा पंप मुख्य पाण्याच्या पंपाशी विजेने जोडलेला असतो, म्हणजे पाणी थांबलं की फ्लोराइड थांबतं. वाहिनीत उलटा ओढा थांबवणारा व्हॉल्व्ह असतो. दिवसअखेर टाकीचं वजन किती घटलं आणि किती पाणी सोडलं याचा हिशेब जुळवतात, शिवाय रोज नमुना तपासतात. "तुमच्याकडे यातलं काय काय आहे?" हा प्रश्न जाहीर बैठकीत अधिकाऱ्यांना विचारण्यासारखा आहे, मग विचारणारा कुठल्याही बाजूचा असो. छोट्या गावात प्रशिक्षित माणूस रोज हजर नसेल, तर तिथे विरोध करणं समंजसपणाचंच ठरू शकतं.

संमतीचा प्रश्न

"मला नको असताना मला औषध का देता?" याला आकड्यांनी उत्तर देता येत नाही. "क्लोरीनही घालतात की" हे उत्तर चालत नाही, कारण क्लोरीन पाणी शुद्ध करायला घालतात आणि फ्लोराइड पिणाऱ्याच्या शरीरावर परिणाम व्हावा म्हणून. हा फरक समोरच्याला दिसतो, आपल्यालाही दिसला पाहिजे. आयोडीनयुक्त मिठाचं उदाहरण जास्त जवळचं आहे, पण मीठ दुसरं विकत घेता येतं, नळ बदलता येत नाही.

इथे "युरोपने नाकारलंय" हा मुद्दा हमखास येतो. युरोपातल्या बहुतेक देशांत पाण्यात फ्लोराइड मिसळत नाहीत, हे खरं आहे. कारणं मात्र एकसारखी नाहीत. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये याला कायद्याचा आधार नाही असं म्हटलं. स्वित्झर्लंड, जर्मनी आणि फ्रान्समध्ये फ्लोराइडयुक्त मीठ मिळतं, म्हणजे निवड ग्राहकाच्या हातात राहते. स्वित्झर्लंडमधल्या बासेलने २००३ मध्ये पाण्यातलं फ्लोराइड थांबवलं. दुसरीकडे आयर्लंडमध्ये १९६४ पासून कायद्याने ते चालू आहे. अमेरिकेतच युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी २०२५ मध्ये बंदी घातली. म्हणजे समंजस समाज वेगवेगळ्या निर्णयांवर पोचू शकतात.

या टप्प्यावर म्हणण्यासारखं वाक्य: "तुमची हरकत पुराव्यावर नाही, पद्धतीवर आहे असं मला वाटतं. तो निर्णय कुणी, कसा घ्यावा असं तुम्हाला वाटतं?" मग मतदान, जाहीर सुनावणी, कमी फ्लोराइडच्या पाण्याची सार्वजनिक सोय, यांवर बोलता येतं. इथे सहमती नाही झाली तरी हरकत नाही. ज्याचं मूल दुखऱ्या दाताने रात्रभर जागतं त्याचा हक्क आणि ज्याला स्वतःच्या पाण्यावर अधिकार हवा त्याचा हक्क, दोन्ही खरे आहेत.

राग, कारस्थानं आणि जाहीर बैठका

"लोकांना गुंगीत ठेवायला फ्लोराइड घालतात" किंवा नाझी छळछावण्यांत कैद्यांना शांत ठेवायला फ्लोराइड द्यायचे ही गोष्ट, यांना पुरावा नाही. तसं एका वाक्यात, न हसता सांगा आणि त्यामागच्या अविश्वासाकडे वळा: "कुणावरचा विश्वास यामुळे उडाला?" गोष्टीवर वाद घातला तर ती आणखी घट्ट होते. आवाज चढला तर आपला खाली आणा, पाणी प्या, "आज इथेच थांबूया, मला तुमच्याशी संबंध महत्त्वाचा आहे" म्हणून उठा. हे टाळणं नाही.

जाहीर बैठकीत गणित वेगळं असतं. तिथे बोलायला बहुधा तीनच मिनिटं मिळतात, आणि आपण खरं तर विरोधकाशी नाही तर अजून ठरवलं नाही अशा ऐकणाऱ्यांशी बोलत असतो. आधीच्या वक्त्याचा एक रास्त मुद्दा नाव घेऊन मान्य करा, मग आपला एकच मुद्दा आणि एकच आकडा. अफवा खोडायची असेल तर खरी माहिती आधी, अफवेचा उल्लेख एकदाच, आणि शेवटी पुन्हा खरी माहिती. अफवाच आधी आणि ठळक सांगितली तर तीच लक्षात राहते. कुणाला "विज्ञानविरोधी" म्हणू नका, त्या एका शब्दाने सभागृहातला अर्धा भाग आपल्याला सोडून जातो.

बोलून झाल्यावर

विचारलेल्या ज्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तो लिहून घ्या आणि आठवड्याभरात उत्तर कळवा, ते आपल्या बाजूचं नसलं तरीही. मूळ अहवाल पाठवा, त्यावरचं कुणाचं भाष्य नको.

आणि त्यांनी फ्लोराइडयुक्त पाणी प्यायचं नाही असं ठरवलं, तर त्यांच्या मुलांच्या दातांसाठी हे नक्की सांगा. पहिला दात आल्यापासून दिवसातून दोनदा ब्रश, एकदा झोपण्याआधी. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी टूथपेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. वाटाण्याएवढ्या, म्हणजे सुमारे पाव ग्रॅम, १००० पीपीएमच्या टूथपेस्टमध्ये पाव मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, ०.७ च्या साधारण साडेतीनशे मिलिलिटर पाण्याइतकं. ब्रश मोठ्यांनी धरावा, थुंकायला शिकवावं, नंतर खळखळून चूळ भरू नये, नाहीतर लावलेलं फ्लोराइड धुऊन जातं. दंतवैद्याकडून वर्षातून दोनदा फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा लेप) लावून घ्यावं. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली कायमची दाढ येते, तिच्या खाचा सीलंटने (पातळ संरक्षक थराने) बुजवून घ्याव्यात. गोड खाणं आणि गोड पेयं दिवसभर थोडी थोडी देण्याऐवजी जेवणाबरोबरच द्यावीत. त्यांना टूथपेस्टमधलं फ्लोराइडही नको असेल, तर शेवटचा मुद्दा दुप्पट काटेकोरपणे पाळावा लागेल आणि दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्यावे लागतील.